सगळ्या दिव्यांचा एक स्क्रू

मी, रंगनाथ सहादेव खेतमाळीस, वय ६७, धंदा शेती व लग्नसराईत मोटार भाड्याने देणे, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करायची नसते. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही.

१. राहते घर, विहिरीलगतची जमीन व पोस्टातली शिल्लक माझी एकुलती मुलगी छबूबाई हिला मिळावी. जावईबापूंनी दाराला त्यांच्या आवडीचा पोपटी रंग देऊ नये, एवढीच विनंती.

२. माझी पत्नी कै. चांगुणा हिने वारायच्या आधी, गेल्या संक्रांतीला शिवलेली वाकळ छबूनेच घ्यावी. चष्म्याशिवाय घातलेले टाके आहेत, एकही वाकडा नाही.

३. शेजारी कारभारी पवार यांनी नेलेला माझा जॅक मी मागणे सोडले आहे. ते या कागदाला साक्षीदार आहेत, म्हणून त्यांच्या देखत लिहितो.

४. माझी १९३८ सालची ऑस्टिन मोटार व हत्यारांची पेटी धाकटा भाऊ गहिनीनाथ, राहणार राहुरी, याला मिळावी. एकोणीस वर्षे ज्याने या घराचा उंबरा ओलांडला नाही त्याला गाडी का, हे सांगणे भाग आहे.

गहिनी लहान असताना आई गेली. चांगुणाने त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले. पुढे तो वायरमन झाला. गाडी घेतली तेव्हा तिचे मडगार्ड गंजलेले होते, म्हणून बाहेरचे दिवे कधी लागत, कधी नाही. करंटला परत जायला जी वाट लागते, तिला मेकॅनिक अर्थिंग म्हणतात; तीच मिळत नव्हती. गहिनीने पुढच्या दोन्ही दिव्यांपासून मागच्या लाल दिव्यापर्यंत सगळ्यांच्या अर्थिंगच्या वायरी एके ठिकाणी आणल्या, चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, रंग खरवडून लोखंड उघडे केले आणि तिथे एकाच स्क्रूखाली आवळल्या. दिवे असे लागले की गाव बघायला आले. तेव्हा तो चांगुणाला म्हणाला, "वैनी, सगळ्या दिव्यांचा जीव ह्या इस्क्रूत हाय."

१९५४ साली तुळशीचे लग्न झाल्यावर वरात घेऊन येताना, दिवेलागणीला, ओढ्याच्या उतारावर सगळे दिवे एकदम गेले. गाडी रस्त्याकडेच्या चारीत उतरली. नवरदेवाचा हात मोडला. मी सगळ्या वऱ्हाडासमोर गहिनीला म्हणालो, "एक इस्क्रू आवळता येईना आन् म्हनं वायरमन." तो एवढेच बोलला, "दादा, मी आवळला हुता." पक्कड माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी राहुरीला निघून गेला.

आठ दिवसांनी मी तो स्क्रू खोलला. घट्टच होता. पण त्याच्याखाली वायरींच्या तांब्यावर करंट अडवणारा हिरवा गंज चढला होता आणि त्यात हळदकुंकवाचा लगदा होता. खंडेनवमीला चांगुणाने गाडीची पूजा केली होती. नारळ पुढे फोडला, पण पाणी फिरवून हळदकुंकू वाहिले ते त्या स्क्रूला. जीव तिथे म्हटल्यावर ती दुसरीकडे कशाला वाहील?

तिला सांगावे तर ज्याला वाढवले त्याला आपल्याच हाताने घराबाहेर काढले, हे ती कसे सोसणार? म्हणून गप्प बसलो. अर्धे कारण हे. उरलेले अर्धे असे की चुकलो म्हणायला माझी जीभ वळेना. तिच्या पदराआड मीच लपलो. दर खंडेनवमीनंतर गुपचूप स्क्रू खोलून पॉलिश पेपरने घासत राहिलो. पुढेपुढे तिचे कुंकू स्क्रूला लागेना, दोन बोटे बाजूला पडू लागले. नजर अधू झाली असे मी समजलो. दर दिवाळीला मात्र ती म्हणे, "भाऊजींना बोलवा. पर बोलावनं तुमच्याच तोंडून जाया पायजे."

५. सबब गहिनीचा काही दोष नव्हता, हे माझ्या दहाव्याला सगळ्या गावासमोर वाचून दाखवावे.

ता. ४ नोव्हेंबर १९७३.

पुरवणी. वरचा मजकूर वाचून कारभारी म्हणाले, "मेल्यावर कशाला? राहुरी काय लई लांब न्हाई." मग मी कार्ड टाकले. गहिनी आज आला. त्याचे केस माझ्याहून पांढरे झाले आहेत. त्याला वाकळेवर बसवून मी हे सगळे स्वतः वाचून दाखवले. वाचताना मी रडलो. तो उठून गाडीपाशी गेला, वाकला आणि स्क्रू बघू लागला. चासीवर स्क्रूच्या बाजूला कुंकवाचे थरावर थर वाळलेले आहेत, स्क्रूवर कणही नाही.

"दादा," तो म्हणाला, "ही वाकळ ज्या नजरेनं शिवली, तिला इस्क्रू दिसंना व्हय? वैनीला ठावं हुतं."

म्हणजे मी घासताना तिने पाहिले असावे. मला खाली बघायला लागू नये म्हणून ती बोलली नाही, तिला लागू नये म्हणून मी. आम्ही नवराबायको एकमेकांना जपत बसलो आणि गहिनी बाहेर राहिला.

म्हणून कलम ५ रद्द. ते मी उद्या पारावर स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे. कलम ४ कायम, त्यात एवढी भर की खंडेनवमीला हळदकुंकू चांगुणा वाहायची तिथेच, दोन बोटे बाजूला वाहावे.

गाडी आजच घेऊन जा म्हणालो, तर गहिनी म्हणतो, "कागदावर हाय तशीच राहू द्या. तवर तुमीच चालवा, दादा. दिव्यांचं मी बघतो."

हे सर्व वाचून, समजून, साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

(सही) रंगनाथ सहादेव खेतमाळीस

साक्षीदार:
१. (सही) कारभारी पवार. जॅक आज परत केला.
२. (सही) नृसिंह कुलकर्णी, शाळामास्तर

मुक्काम मिरजगाव, ता. ११ नोव्हेंबर १९७३