पश्चिमेची भिंत

रिसोड, ९ जानेवारी १९३९
कुलसुम आजही शाळेत नाही. तिच्या वर्गातल्या मदिनाला विचारलं. ती म्हणाली, "तिनं भितीवर कोयशानं मायचं तोंड काहाडलं, बाई. मेलेल्या मायचं. आता तिचा बाप तिले शाळेत नाई धाडत."
चित्रकला मीच सुरू केली. आधी वांगं, लोटा. मग माणसं.

११ जाने.
कुलसुमच्या घरी गेले. तिचे वडील गफूरभाई, पिंजारी. कापूस पिंजत होते, मान वर केली नाही. चित्र पश्चिमेच्या भिंतीवर, नमाजला तोंड करायचं नेमक्या त्याच. भुवईवरचा व्रणसुद्धा. त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी सलाम करावासा वाटला. मग भीती वाटली.
गफूरभाई : "तुमी शिकवलं. आता तुमीच सांगा, मी नमाज कुठं पढू?"
तशीच परत आले.

१२ जाने.
अब्बांशी वाद. म्हणाले, बी.ए. झालीस, फतवे द्यायला मुफ्ती नाही झालीस. पण मी वाचलंय! मूर्ती हराम, पण माणसाच्या सपाट चित्राबद्दल इमामांत एकमत नाही. मुलींच्या बाहुल्या तर चालतात. आलिमांतच दोन मतं असताना एका पोरीची शाळा का बुडावी? उद्या मौलवीसाहेबांकडे जाते.

१३ जाने., शुक्रवार
जुम्म्यानंतर गेले. त्यांच्या बेगम शेजारी बसल्या. मौ. सा. सगळं शांतपणे ऐकत होते. माझ्या बाजूचा, मला ठाऊक नसलेला एक दाखलाही त्यांनी दिला. मला वाटलं, जिंकले.
मग म्हणाले, "बेटी, बाहुलीशी पोरगी खेळते. गफूर खेळत नाही. तो भिंतीशी बोलतो. मशिदीत येत नाही. म्हणतो, बीवी घरी एकटी आहे."
हे मला माहीत नव्हतं.
ठरलं ते असं : भिंतीवर पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचा. कुलसुम शाळेत येईल, पण चेहरे काढणार नाही. हमी माझी. दिली. वाट्टेल तितकं भांडायचं ठरवून गेले होते, आणि हमी देऊन आले.

१५ जाने.
गफूरभाईंच्यानं होईना. पांढऱ्या मातीचं मडकं माझ्यापुढे सरकवलं आणि बाहेर जाऊन बसले. मी पोतारा दिला. डोळे शेवटी. कोळसा पुन्हा पुन्हा वर येई.
कु. दारात. रडली नाही. "बाई, माह्यं चुकलं होतं का बरोबर आलतं?"
म्हटलं, बरोबर आलं होतं. म्हणूनच.

२३ जाने.
कु. शाळेत. पानं काढते, लोटे काढते. रेघ सुरेख, जीव नाही. शाबास म्हणवत नाही मला.

२ फेब्रु.
आज कु.ने कागदावर चुलीपुढे बसलेली बाई काढली. पाठमोरी. पदर, वेणी, थोडा कललेला खांदा. चेहरा नाही. हमी मोडलेली नाही. मोडली का?
तिला न्यायला गफूरभाई आले. कागद झाकता आला असता. झाकला नाही.
पाहतच राहिले. मग हळूच, "हे वळली त?"
"नाई वळत, अब्बा. सैपाक करून राह्यली."
त्यांनी मला विचारलं, "घरी नेऊ? भितीवर नाई लावत."
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी कागद टोपीत ठेवला, टोपी डोक्यावर घातली आणि पोरीचा हात धरून निघाले.
उद्या जुम्मा. मौ. सा. मला हमीचं विचारतील.