कापलेली अझेलिया

डॉर्सी,

मी आईपाशी ॲशव्हिलच्या दवाखान्यात चाललेय. तुझं तोंड बघावं लागू नये म्हणून लवकर निघाले.

पानं नाहीत म्हणजे झाड मेलं, असं तुला कुणी सांगितलं? आपल्या आईची केशरी फुलांची अझेलिया दर हिवाळ्यात अशीच उघडी होते. फांद्यांच्या टोकांना कळ्या होत्या. डोळे काय गहाण टाकले होतेस? की ट्रक उभा करायला जागा हवी होती?

आता बुंधा उपटायला गेलास तर याद राख. तिथे कुदळ लावू नकोस, चुलीतली राखही ओतू नकोस; या झाडाला ती सोसत नाही. धुमारे फुटतील, पण फुलायला दोन-तीन वर्षं लागतील. आईकडे तेवढी नाहीत.

तू जाळायला रचलेल्या ढिगातून कळ्यांच्या फांद्या वेचून मी स्वयंपाकघरात बादलीत ठेवल्यात. पाणी रोज बदल. उबेनं कदाचित उमलतील.

काल आईनं विचारलं, "कळ्या फुगल्या का गं?" मी हो म्हटलं. तर म्हणते, "पहिली फांदी डॉर्सीला आणायला सांग." तू तिकडे एकदाही फिरकला नाहीस, तरी तिला तूच हवास! उमलल्या की घेऊन जा. झाड कापलंस, हेही तूच सांग. माझ्या तोंडून ते निघणार नाही.

वर्लीन