मखरासाठी कापलेलं घर

गणेश चतुर्थी, संध्याकाळ. फोरबर्ग, नेदरलँड्स

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

चार महिने खपून मी एका जुन्या इंग्लिश उमरावाच्या घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. सोमवारी ऑफिसात दाखवायचं होतं. आज मोदक वळून बाहेर येते, तर माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, कटरनं त्याचा दर्शनी भाग कापून मखर केलेलं. खांब, कमान, मधोमध गणपती. बाकीचं घर कागदाच्या कचऱ्यात, नोकरांच्या जिन्यासकट.

तो जिनाच तर माझं खरं काम होतं! भिंतीच्या पोटात लपवलेला, नोकर मालकांच्या नजरेस पडू नयेत म्हणून.

"अगं, सरप्राइज! मागचं कुणाला दिसतंय?" म्हणे.

मी कटर उचलला आणि टेबलावर खुपसला. त्याच्या दोन बोटांच्या मधे. मला बोटच हवं होतं का? खरंच माहीत नाही. पातं मोडून लाकडात राहिलं. आमची लेक ईरा डचमध्ये किंचाळली. तेवढ्यात बेल वाजली, लोक आरतीला आले.

निखिलनं ती खाच मोदकांच्या ताटानं झाकली.

"काय मखर केलंय रे, निखिल!" सगळे त्यालाच. मी ताटं आणत होते, नेत होते. माझ्याकडे कुणी बघितलं? जणू त्याच नोकरांच्या जिन्यावरून ये-जा चालली होती माझी.

शेवटी मी मोदकांचं ताट सगळ्यांदेखत उचललं.

"अय्या, टेबलाला काय झालं?" कुणीतरी विचारलं.

निखिलनं पटकन हात खिशात घातला.

बरं वाटलं मला. लिहूनच ठेवते, बरं वाटलं.