सीताफळाच्या बिया

माय,

आज दुपारी मांजरीला मांडीवर घेऊन बारीक फणीनं तिच्या पिसवा काढत होते. फणीवर आलेली पिसू मिठाच्या पाण्यात बुडवायची, नखावर चिरडायची नाही, हे तूच शिकवलंस. निंबाचा पालाही उकळून ठेवला होता. शेजारीण म्हणाली, एवढा खटाटोप कशाला, सीताफळाच्या बिया वाटून लाव, दोन दिवसांत अंग साफ. मी नको म्हटलं, आणि ते जरा जोरातच म्हटलं गेलं. बिचारी उठून गेली.

तुला तो उन्हाळा आठवत असेल. शहाद्याच्या अलीकडचं आपलं घर, पाळण्यात धाकटा, आणि त्याच्या अंगभर उठलेले लाल ठिपके. आबांनी त्याची गोधडी झटकली तर पिसवा उडाल्या. आखाजीच्या सणाला घरात एक जरी पिसू दिसली तर आपल्या कुत्रीला गोमाई नदीपलीकडे सोडून येईन, असं ते जेवता जेवता बोलले. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या घरात तुला विहिरीवर जायचं तरी विचारून जावं लागे. पण त्या आखाजीला, चार वर्षांनी, मामा मुराळी म्हणून गाडी घेऊन तुला माहेरी न्यायला येणार होता. तू लुगडं उन्हात घातलं होतंस आणि चुलीपुढे झोक्यावरची गाणी गुणगुणत होतीस. त्याआधी मी तुला गाताना ऐकलंच नव्हतं.

कुत्री वाचावी म्हणून तू सीताफळाच्या बिया वाटल्यास, तेलात कालवल्यास आणि मला तिच्या डोळ्यांवर दोन्ही हात ठेवायला बसवलंस. "पोरी, तिना डोयावरना हात काढू नको. आंधयी व्हई जाई." तू मानेला तेल चोळत होतीस, तेवढ्यात माझा हात सुटला आणि ओघळ तिच्या डोळ्यांत गेला. ती किंचाळत भिंतीवर आदळली. आपण घागरभर पाणी ओतलं, पण चार दिवसांत दोन्ही डोळे पांढरे झाले. तिनं झटका दिला, असं मी सांगितलं. आबा विचारायला आले तेव्हा तू मला मागे सारलंस. "मन्हा हातथीन व्हयनं. पोरले काही बोलू नका."

जिनं आंधळी केली तिनंच सांभाळावी, आखाजीला जायचं नाही, असा आबांनी निकाल दिला. मामा आला, पाणी प्यायला आणि रिकामी गाडी वळवून गेला. तू दाराआड उभी होतीस. मग कुत्रीपुढे भाकरी कुस्करत म्हणालीस, "जाऊ दे. हाई बी आते घरमाच ऱ्हाई." पुढच्या आखाजीआधी तुझ्या माहेरची आजी गेली, मामाचं येणंही थांबलं. कुत्री भिंतीला अंग घासत चूल ते दार एवढंच चालायची. तूही मरेपर्यंत तेवढंच चाललीस. मला आबांचा राग येतो, पण त्याहून जास्त माझा येतो.

परवा आखाजी आहे. धाकटा यंदाही न्यायला येणार नाही, शेतीत गुंतलाय म्हणे. तरी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दारापर्यंत जाते. त्यापुढे मलाही विचारावंच लागतं.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर लिहायचा धीर झाला. कुत्रीनं झटका दिला नव्हता, माय. माझ्या पोटरीला पिसू चावली, आणि मी खाजवायला हात काढला.