वालाच्या शेतातला वानर

चि. नम्रतास,

पोशीरहून आबाकाकाचे अनेक आशीर्वाद. पुण्यात माकडांचा अभ्यास करताना तुझी तब्येत बरी असेलच. माकडांची तर ठणठणीत आहे, कारण ती अभ्यासाला तुझ्याकडे आणि जेवायला माझ्या वालात असतात.

तुझं पत्र बायजाला वाचून दाखवलं. (तुझी काकू तांदूळ निवडत ऐकत होती, म्हणजे ऐकत नव्हती.) लाल तोंडाची, डोक्यावर मधोमध भांग पाडलेली माकडं कमी होत चाललीत, जगाच्या यादीत ती 'असुरक्षित' आहेत, आणि काळतोंड्या वानराची सध्या काळजी नको, हे वाचून ऊर भरून आला. ती असुरक्षित टोळी तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं उघडत होती. वानर बिचारा झाडावर पाला खात सरपंचासारखा बसून असतो, झाकणाला हात लावत नाही. म्हणजे सभ्य त्याची काळजी नको आणि चोराची सगळ्या जगाला चिंता! यादी करणारे आपल्या तालुक्यात राहून गेले असावेत.

तुझ्याच सल्ल्याने वानराचा पुरुषभर उंच फ्लेक्स शेतात उभा केला. माकडं वानराला टरकतात हे खरं निघालं, टोळी पळाली. पण शनिवारी शेजारची म्हातारी गोदा आली, "आबाजी, मारुती हाय रं त्यो!" म्हणाली आणि तिथेच नारळ फोडला. पुढच्या शनिवारी शेंदूर आला (काळं तोंड आता लाल झालंय, तुझ्या शास्त्रात ही कुठली जात?), मग आरती, मग सगळा गाव. माकडांनी खाल्ला नसता एवढा वाल भाविकांनी तुडवला. आता तिथेच देऊळ बांधायचं ठरलंय. वालाचा माझा तो एकच तुकडा. मी बायजाला म्हटलं, अगं, माकडं फ्लेक्सला भिऊन गेली. तर म्हणते, "फ्लेक्सला कोन भितंय? देवाच्या किरपेनं गेली." मला खरंच रडू येतं गं.

जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझा,
आबाकाका

ता. क. : लाल तोंडाची माकडं परत बोलवायला शेतात काय ठेवावं? त्या असुरक्षित जीवांचं रक्षण करावं असं मला एकाएकी वाटू लागलंय. फ्लेक्स त्यांनी फाडला तर पाप मला लागणार नाही.

ता. क. २ : उत्तर धाडू नकोस. आज टोळी आपणहून आली, वानराच्या पायाशी बसून प्रसादाचं खोबरं खाऊन गेली, फ्लेक्सला नखही लावलं नाही. गाव म्हणतं, मारुतीची सेना आली. आता देऊळ आणखी मोठं होणार आहे. पायाची पहिली कुदळ मारायचा मान शेतमालक म्हणून मला दिलाय आणि बायजाने माझा सदरा धुऊन वाळतसुद्धा घातलाय.