स्ट्रायकर कुठे थांबतो

काका, काल मंडळाच्या खोलीत एका मुलीने ब्रेक मारला आणि स्ट्रायकर चौकट ओलांडून थेट भिंतीवर आपटला. बाकीच्या मुली खो-खो हसल्या. मी त्यांना कॅरम शिकवते, खरं तर मीही हसायला हवं होतं. पण त्या खोलीत फटका आणि त्यामागून हसणं ऐकलं की माझे हात गार पडतात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी खोली तीच आहे, बोर्डही तोच. चौकटीवरचा खड्डा कोणी बुजवला नाही. मुली आपली पाळी येईपर्यंत त्यात बोट घालून बसतात. तो कशाने पडला हे त्या विचारत नाहीत, आणि मीही सांगत नाही.

तेव्हा संप लांबला होता. तुम्ही आणि बाबा एकाच कापड मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर होता आणि कॅरमला जोडीदार म्हणून समोरासमोर बसायचात. लालबागेत तुमच्या जोडीसमोर बसायला माणसं कचरतात, असं आई कौतुकाने सांगायची. मग काकी आजारी पडली, औषधाला पैसे नव्हते, आणि तुम्ही संप मोडून पोलिसांच्या गाडीतून कामावर जायला लागलात. चाळीत ही गोष्ट किती दिवस लपणार? त्या दुपारी मी रॉकेलचा डबा घेऊन जिना चढत होते, आणि वरून संपातली माणसं तुम्हाला कॉलर धरून फरफटत आणत होती. तुमची एक चप्पल माझ्या पायाशी येऊन पडली. बाबा त्या माणसांच्या मागून चालत होते. मंडळाच्या खोलीत नेऊन त्यांनी तुमचा उजवा हात बोर्डाच्या चौकटीवर दाबून धरला, एवढं मला दिसलं. कोणीतरी दाराचा लोखंडी अडसर काढून बाबांच्या हातात दिला. "तुझा पार्टनर ना हा? मग तूच मार." दार लोटलं गेलं. मी जिन्यावर उभी आहे. आधी लाकडावर आपटल्याचा आवाज येतो. मग तुमचा आवाज, शब्द कळत नाहीत. मग सगळे हसतात. मग दुसरा आवाज, आणि तुमचं ओरडणं.

मधल्या त्या हसण्याचा अर्थ मला लागत नव्हता. माणसाची बोटं फोडताना कोणी का हसावं?

तुम्ही चाळ सोडून गेलात आणि बाबा पुन्हा कधी बोर्डावर बसले नाहीत. त्यांचा हात मग घरात चालू लागला. आमटी अळणी झाली म्हणून ताट आईच्या कपाळावर, मी उलट बोलले म्हणून पट्टा माझ्या पाठीवर. मी ठरवलं, आपण शिकायचं, आणि या घरातला हा हात आपल्यापाशी थांबवायचा. वह्यांच्या पहिल्या पानावर मी असली वाक्यं लिहायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तिथे कॅरमच्या संघात आले आणि दादरला एका सामन्यात ब्रेक मारला. सगळा जोर लावून, कारण मला तसाच मारता यायचा. स्ट्रायकर सोंगट्यांवरून उसळला आणि समोरच्या मुलीची भुवई फुटली. ती रडली नाही. नुसती बघत राहिली, आणि पांढऱ्या सोंगट्यांवर रक्त ठिबकत राहिलं. आमच्या मॅडम म्हणाल्या, "हात आवरता येत असेल तरच पुढच्या वेळी ये." घरी आईने ऐकलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हात बापावर गेलाय." त्या रात्री जेवताना मी उजव्या हाताकडे बघितलं आणि घास खाली ठेवला.

म्हणून हात आवरायला शिकवा म्हणत मी वरळी कोळीवाड्यात तुम्हाला शोधत आले. तुम्ही बर्फाच्या वखारीत कामाला होता. तुमच्या घराच्या दारापुढे बोंबील वाळत होते. मी बाबांचं नाव सांगितलं तशी काकी आतून धावून आली. "त्याची पोरगी? माझ्या दारात? आता डावा हात पण न्यायला आलीस काय गो?" तिने माशांचं पाणी माझ्या पायांवर ओतलं. मी हलले नाही. तुम्ही तिला म्हणालात, "पुरे. बोर्ड काढ." आणि मला म्हणालात, "बस. मार बघू."

मी मारला. स्ट्रायकर पिंपापलीकडे गेला.

"बापासारखाच बसतेस," तुम्ही म्हणालात. "खांदा वर. भांडायला आल्यासारखी."

उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली, तुम्ही डाव्या हाताने मारायचात. मी आठवड्यातून दोन-तीन दुपारी यायचे. खांदा खाली घ्यायचा, मनगट सैल. मधोमध मारलं की स्ट्रायकर उसळतो, म्हणून पुढच्या सोंगटीला केसभर बाजूने घ्यायचं. फुटायचं ते फुटेल. मी मात्र दर वेळी फुटलेल्या सोंगट्यांकडे बघायचे, किती पांगल्या, एखादी गेली का. तुम्ही बोर्डावर टकटक करायचात. "सोंगट्यो कित्याक बघतंस गो? स्ट्रायकर खंय गेलो ता बघ." हळूहळू तो उडायचा थांबला, मग समोरच्या फळीवर आपटून परत यायला लागला, आणि एका दुपारी माझ्या रेषेजवळ येऊन गप्प बसला. काकीने आतून चहा पाठवला. पहिल्यांदाच.

मी त्या चहाने शेफारले. मला वाटलं, आता सगळं जुळवता येईल. म्हटलं, "काका, बाबांचा तोल गेला होता त्या दिवशी. माणसाला हात आवरायला शिकवलं असतं, तर असं झालं नसतं."

तुम्ही हसलात. "तोल? पहिला फटका त्याने लाकडावर मारला. माझ्या बोटांपासून इतका लांब." तुम्ही डाव्या हाताची दोन बोटं जोडून दाखवलीत. "मुद्दाम चुकवला त्याने. सगळ्यांना वाटलं, घाबरून चुकला. आणखी थोडा वेळ गेला असता तर कोणीतरी म्हणालं असतं, सोडा, जाऊ दे. पण मी बोललो."

"काय बोललात?"

"जे रोज बोलायचो तेच. तो सोपी सोंगटी चुकला की मी म्हणायचो, काय रे, एवढी जवळची पण सुटली? तोंडातून निघून गेलं. सवय. भीतीने असेल, कोण जाणे. सगळे हसले. मग त्याला मारावंच लागलं."

मी रडायला लागले. मला वाटत होतं की तुम्ही बाबांना माफ केलं आहे, आणि तेच तुम्ही मला सांगताय. तुम्ही माझा चेहरा वाचलात आणि तुमचा आवाज चढला. "रडतेस काय? दुसरा फटका पण नेमका होता. मनगट सैल, खांदा खाली. मी बघत होतो त्याच्याकडे. ही दोन बोटं, बाजूच्याला खरचटलं पण नाही. त्याचा हात सुटला असता ना, तर मी कधीच माफ केलं असतं त्याला." तुम्ही स्ट्रायकर माझ्यापुढे आपटलात. "हात आवरता आला म्हणजे माणूस चांगला झाला, असं कोणी सांगितलं तुला? मार."

मी मारला. तो रेषेवर परत आला. मला त्याची भीती वाटली.

पुढच्या सामन्यात समोर तीच मुलगी होती, भुवईवर पांढरा व्रण घेऊन. मी ब्रेकला बसले तशी तिने खुर्ची थोडी मागे घेतली. तुम्ही पहिल्या रांगेत होता, मीच हट्टाने बोलावलं होतं. बाबांना मी काही सांगितलं नव्हतं, तरी ते आले होते. दाराशी उभे होते, आत येत नव्हते. मी खांदा खाली सोडला. सोंगट्या फुटल्या, सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता, आणि स्ट्रायकर संथपणे माझ्याकडे येत होता. त्या मुलीने श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

मी जिंकले. तुम्ही माझ्या डोक्यावर तो वाकडा हात ठेवलात आणि दुसऱ्या दाराने निघून गेलात. तुम्ही दोघे पुन्हा समोरासमोर आला नाहीत. पुढे तुम्ही वारल्याचं बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं आणि उकाड्यात बसून राहिले. आता ते थकले आहेत, हात थरथरतो, चहा मी पाजते.

हे पत्र कोळीवाड्यात नेऊन काकीला वाचून दाखवावं असं मनात होतं. नेणार नाही. कारण त्या ब्रेकनंतर मी तुमच्याकडे बघितलं असं तुम्हाला वाटलं होतं, आणि मी ते वाटू दिलं. मी तुमच्या डोक्यावरून दाराकडे बघत होते. अख्ख्या हॉलमध्ये बाबा एकटेच सोंगट्या सोडून स्ट्रायकरकडे बघत होते. तो थांबला तशी त्यांनी मान हलवली, एवढीशी. आणि काका, त्या क्षणी तुमची बोटं मला आठवलीसुद्धा नाहीत. मला फक्त फार बरं वाटलं.