सरकारी ओंडका तूर्त परत करता येत नसल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
रस्ता रुंदीकरण विभाग.

विषय: गच्चीवरील ओंडका परत करण्यास दहा दिवसांची मुदत मिळणेबाबत.
संदर्भ: ‘शासकीय लाकूड अनधिकृतपणे ताब्यात ठेवल्याबद्दल’ आपली नोटीस.

महोदय,

मी लेडीज टेलर आहे. माझे दुकान पूर्वी रस्त्यापासून चौदा पावलांवर, वडाच्या सावलीत होते. आता ते रस्त्यातच आहे. आपल्या कृपेने सुईत दोरा ओवायला भरपूर ऊन मिळते.

१. झाड क्रमांक सतराच्या, म्हणजे याच वडाच्या, ढोलीत धनेश पक्ष्याची मादी बसली होती. ती ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते, पिसे गाळते, आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नर बारीक फटीतून तिला भरवतो. हे मी आपल्या सर्वेक्षकांना जागेवर सांगितले. ते म्हणाले, “पक्षी दिसला तर लिहीन ना!” मी फट दाखवली. त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले: ‘वन्यजीव निरंक. ढोलीत चिखल.’

२. हरकतींसाठी सात दिवस होते. माझी हरकत तिसऱ्या दिवशी आवक झाली. झाड चौथ्या दिवशी जावक झाले. कामाचा हा उरक पाहून ऊर भरून आला.

३. फांदीला करवत लागताच आतून ओरडा झाला. करवतवाल्याने यंत्र बंद केले. खाली उतरून म्हणाला, “मास्तर, आत बाळंतीण आहे. मी नाही कापत.” मुकादम ओरडत राहिला. करवतवाल्याने ढोलीच्या वर-खाली दोन-दोन हात सोडून तुकडा काढला, दोराने उतरवला, आणि आम्ही चौघांनी तो माझ्या गच्चीवर नेला. दुसऱ्या दिवसापासून आपण त्याला कामावर न येण्याची सवलत दिल्याचे कळते.

४. झाड जिथे होते तिथल्या हवेत नर दीड दिवस घिरट्या घालत होता. दमला की आपल्या जेसीबीवर बसे, चोचीतले फळ तसेच. माझ्या वहिनी काज-बटणे टाकून गच्चीच्या दारातून हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओरडल्या, “भावजी, आला हो!” फटीतून चोच बाहेर आली. त्या दिवशी मी तीन ब्लाउजांना बाह्या उलट्या जोडल्या.

५. ओंडका शासकीय आहे, हे मान्य. आतले कुटुंब कोणाचे, याबाबत नोटीस मौन पाळते. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात आपण गावाबाहेर गुडघ्याएवढी रोपे लावली आहेत. त्यांत ढोली तयार व्हायला साठेक वर्षे लागतील. मी तेवढी मुदत मागत नाही. दहा दिवस पुरेत.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
लेडीज टेलर, पूर्वीच्या वडासमोर
दिनांक: नोटिशीनंतरचा दुसरा दिवस

सोबत: हरकतीची पोच; गळालेले पीस एक (साक्षांकित नाही).

ता.क. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणून हा अर्ज आपल्या खिडकीवर नऊ दिवस घेतला गेला नाही. ओंडका न्यायलाही कोणी आले नाही. या दिरंगाईबद्दल मनापासून आभार. आज सकाळी ढोलीच्या तोंडावरची लिंपलेली भिंत फुटली. आधी आई बाहेर आली, मग दोन पिल्ले. धाकटे बराच वेळ काठावर बसून होते. वहिनी रडल्या, मीही.

ओंडका रिकामा आहे, घेऊन जावा. फक्त तो कोणत्या गोदामात ठेवणार, ते लेखी कळवावे. हे जोडपे दर हंगामात त्याच ढोलीत परत येते. पत्ता विचारायला ते माझ्याकडेच येतील.